पोटाखालची नऊ भोकं

लातूरच्या एका शाळेच्या मैदानात उंच खांबावर एक जुनं लढाऊ विमान बसवलेलं आहे. ते मी जोडलं. 'विमान सुरक्षितपणे बसवण्यात आले असून त्याखाली विद्यार्थ्यांनी बसण्यास हरकत नाही' असा एक कागद त्या शाळेच्या फायलीत आहे आणि त्याखाली माझी सही आहे. आज हे निवांत बसून लिहिता येतंय, कारण त्या सहीनं मला एकदाच घाम फोडला आणि तेवढ्यावर निभावलं.

मी लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातला. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा, पुढं बारावीपर्यंत लोहा. घरची शेती होती, खाऊन-पिऊन बरं होतं, पण बारावीच्या पुढं काय असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नांदेडला हवाई दलाची भरती आली, आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्वतः फॉर्म भरून दिला आणि मी निवडला गेलो. मला एअरफ्रेमचं काम मिळालं. एअरफ्रेम म्हणजे इंजिन, रेडिओ, शस्त्रं सोडून उरलेलं विमान. धड, पंख, शेपूट, वरचा पत्रा, त्याचे रिव्हेट आणि बोल्ट.

गावात मात्र मी विमान चालवतो असंच सगळ्यांना वाटायचं. आई खरं सांगायची.

"न्हाई बाई, त्यो उडवत न्हाई. त्यो दुरुस्त करून देतो, मंग दुसरे उडवतेत."

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अन् पडलं तर?"

"पडलं तर ह्याचं नाव येतंय," आई म्हणाली. तिनं हे अशा थाटात सांगितलं की जणू तो माझा मानच होता.

नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देत मी बी.ए. झालो. परीक्षेसाठी वर्षाची रजा साठवून नांदेडला यायचो. सहा वर्षं लागली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. वडिलांनी ते प्रमाणपत्र फ्रेम केलं नाही, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कारण जपायचे कागद त्यांच्या लेखी तिथंच असायचे. त्या पदवीमुळे निवृत्तीनंतर नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात मला वर्कशॉपमध्ये शिकवायचं काम लागलं. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांचं ऋण मी मानतो आणि ते काम नीट करून फेडायचं असतं एवढंच मला कळतं.

एका सकाळी लातूरहून फोन आला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. त्यांना शाळेत सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, मीही पुढं तेच म्हणू लागलो.

"तुम्ही विमानातले फौजी ना? आम्हाला एक विमान मिळालंय."

मला वाटलं, सहलीबद्दल काहीतरी असेल.

"मिळालंय म्हणजे?"

"म्हणजे मैदानात येऊन पडलंय. चार तुकड्यांत. तुम्ही येऊन सांगा याचं काय करायचं."

सेवेतून काढलेली विमानं हवाई दल शाळा-कॉलेजांना ठेवायला देतं. बाईंनी दोन वर्षं पत्रव्यवहार करून ते मिळवलं होतं. मी रविवारी लातूरची एस.टी. पकडली. मैदानाच्या कडेला ट्रेलरवर ताडपत्रीखाली धड आणि सुटं शेपूट होतं, पंख लाकडी चौकटीत उभे केले होते आणि एका खोक्यात बोल्टच्या पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीला तारेनं पत्र्याची चिठ्ठी बांधलेली. मी ताडपत्री बाजूला केली. ते मिग होतं. याच जातीच्या विमानांवर मी अकरा वर्षं काम केलं होतं. इंजिन काढून घेतलेलं होतं, तरी आत डोकं घातल्यावर जुन्या इंधनाचा वास येत होता.

बाई मागं उभ्या होत्या. "ओळख आहे का?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदा हसल्या. पुढं फार वेळा हसल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं. खांब आणि त्यावरचा लोखंडी पाळणा एका इंजिनीअरनं आधीच तयार करून दिला होता. साखर कारखान्याची क्रेन आणि तिचा चालक मिळाला. पत्र्याचं आणि रंगाचं काम करायला देगलूरहून एक मिस्त्री आले. साठीचे, बारीक, पांढऱ्या मिशीचे. आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या ठोकून रंगवलेले. त्यांच्या बोलण्यात मराठीबरोबर दखनी यायची आणि सोबतच्या माणसांवर चिडले की तेलुगू. आमच्याकडं कुठलाही फौजी मेजरच असतो, त्यामुळं पहिल्या दिवसापासून मी 'मेजर' झालो. मी कधीच मेजर नव्हतो हे मी दोनदा सांगून पाहिलं.

"असू द्या हो मेजर," ते म्हणाले.

पंख बसवताना आमचं पहिलं भांडण झालं. पंख धडाला पाच ठिकाणी जोडला जातो. पंखाची भोकं आणि धडाची भोकं एका रेषेत यावी लागतात, मगच बोल्ट हातानं आत जातो. क्रेननं पंख धरला होता, चार भोकं जुळली होती, पाचवं सुताभर खाली होतं. मी क्रेनवाल्याला खूण करत होतो तेवढ्यात मिस्त्री घण घेऊन आले.

"सरका मेजर. ट्रॉलीची पिन असीच बसते."

"घण खाली ठेवा."

"एकच ठोका. कानाला कळनार बी न्हाई."

"मिस्त्री, हा बोल्ट ठोकून आत घालायचा नसतो. ठोकला तर भोकाच्या कडेला चीर पडते, ती दिसत नाही आणि नंतर तिथंच तुटतं."

"आता ह्याला कुठं उडायचंय?"

"उडायचं नाही. पण पोरांच्या डोक्यावर राहायचंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, घण खाली ठेवला आणि क्रेनवाल्याला ओरडून म्हणाले, "ए, जरा प्रेमानं उचल! मेजरच्या घरचं लगीन हाय!" क्रेननं पंख केसभर वर घेतला, मी ग्रीस लावलेला बोल्ट अंगठ्यानं ढकलला आणि तो सरळ आत गेला. मिस्त्रींनी माझा अंगठा हातात धरून उलटसुलट बघितला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी त्यांना हत्यारं मोजायची सवय लावली. काम सुरू करताना किती पाने, किती स्क्रूड्रायव्हर, ते वहीत लिहायचं आणि झाकण बंद करायच्या आधी तेवढेच परत मोजायचे. विमानाच्या पोटात पाना राहिला तर झाकण लावायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली शिस्त. त्यांना आधी ते पोरकट वाटलं. तिसऱ्या दिवशी तेच माणसांना दरडावत होते, "सात होते, सहा हायेत. एक कुठं गिळलास?"

पंख झाले, शेपूट झालं. मग रंगाच्या आधी पत्रा दुरुस्त करायची वेळ आली. विमानातून कितीतरी वस्तू काढून घेतलेल्या होत्या. अँटेना, दिवे, बंदुकीचा भाग, पंखाखालचे हुक. जिथून ते काढले तिथं भोकं राहिली होती. चाळणीसारखं दिसत होतं. मला तंत्रनिकेतनात परीक्षेच्या ड्यूटीसाठी दोन दिवस नांदेडला जायचं होतं. निघताना मी मिस्त्रींना म्हणालो, "भोकं सगळी बुजवून घ्या. एकसुद्धा ठेवू नका. पाणी आत गेलं तर पत्रा सडेल."

"एक भोक दिसलं तर मिशी काढतो," ते म्हणाले.

परत आलो तर विमान ओळखू येईना. मिस्त्रींनी प्रत्येक भोकात कापड कोंबून वर लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरली होती, घासून सपाट केली होती आणि करड्या रंगाचे तीन हात दिले होते. मागचं तोंड, जिथून इंजिनाची आग बाहेर पडते, ते पक्ष्यांनी घरटी करू नयेत म्हणून पत्रा लावून बंद केलं होतं आणि त्याची कडसुद्धा लांबीनं भरली होती. मी धडावरून तळहात फिरवला. कुठं अडकला नाही. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. विमान तेव्हा बुटक्या ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं, पोटाखाली जायचं तर पाठीवर सरपटावं लागलं असतं. खालच्या बाजूचा रंग अजून ओला होता, दुसऱ्या दिवशी क्रेन यायची होती. मी पोटाखाली गेलो नाही.

क्रेननं विमान उचललं, नाक वर आणि शेपूट खाली अशा तिरप्या अवस्थेत पाळण्यावर बसवलं. विमान आणि लोखंड यांच्यामध्ये ट्रकच्या टायरचे जाड तुकडे घातले, पुढं दोन, मागं दोन, आणि बोल्ट आवळले. मिस्त्रींनी देगलूरला जाऊन आपल्या पाटीवर 'ट्रक, टेम्पो, विमान' असं लिहून घेतलं. बाईंनी मला तो कागद पुढं केला. मी वाचला, प्रत्येक बोल्ट पुन्हा आठवला आणि सही केली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पैसे न घेता लातूरला जायचो. शिडी लावून बोल्ट बघायचो, रंगाचे पोपडे बघायचो, वहीत लिहायचो. शाळेची मुलं मधल्या सुट्टीत विमानाच्या सावलीत डबे खायची. जूनमध्ये पाऊस बरा झाला, जुलै कोरडाच गेला. मग ऑगस्टच्या शेवटी जो धरला तो सप्टेंबरभर सुटेना.

सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आमच्याकडं त्या सकाळी प्रत्येक शाळेत झेंडावंदन असतं. या शाळेचा झेंड्याचा खांब विमानाच्या अगदी बाजूला होता आणि बाईंनी यंदा सगळी मुलं विमानाखालीच बसवायचं ठरवलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून मी आदल्या दिवशी दुपारी विमान धुवायला गेलो. शाळा लवकर सुटली होती. पाऊस थांबला होता. शिडीवर चढून मी सवयीनं पुढच्या टायरच्या तुकड्याला हात लावला. तो हातात आला.

हा तुकडा टनावारी वजनाखाली दाबलेला असतो. तो हलायलाही नको. आणि तो माझ्या हातात होता, आणि जिथून निघाला तिथं पाळणा आणि विमानाचं पोट यांच्यामध्ये बोट जात होतं. याचा अर्थ नाक वर उचललं गेलं होतं. शेपूट खाली चाललं होतं आणि सगळा ताण पुढच्या दोन बोल्टांवर आला होता. उद्या सकाळी साडेसातला शाळेची सगळी मुलं याच्या खाली बसणार होती.

मी खाली उतरलो, शिडी शेपटीच्या बाजूला, खालून नको म्हणून कडेनं लावली आणि बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक केलं. विमानाचं धड पोकळ असतं, डब्यासारखं वाजतं. हे वाजलं नाही. भरलेल्या माठासारखा आवाज आला. तेव्हा मला कळलं.

प्रत्येक विमानाच्या पोटाखाली, सर्वांत खालच्या भागात, बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. आत गेलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. पाऊस पडून गेला की ती भोकं उघडी आहेत का हे तारेनं बघायचं, हे काम मी स्वतः शेकडो वेळा केलं होतं. आणि मीच सांगितलं होतं, एकसुद्धा ठेवू नका. पावसाचं पाणी काचेच्या कडेनं, झाकणांच्या फटींतून आत गेलं होतं आणि शेपटीत जाऊन साठलं होतं. जायला वाटच नव्हती.

बाई ऑफिसमध्ये उद्याच्या भाषणांची यादी करत होत्या. मी दारातच सांगितलं.

"बाई, विमानात पाणी भरलंय. दोन-तीन ड्रम तरी असेल. शेपूट जड झालंय. चूक माझी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पडेल?"

"आज पडणार नाही असं वाटतं. पण वाटतं एवढंच सांगू शकतो."

"कागदावर सही तुमची आहे."

"हो."

"मग आता काय लागेल ते सांगा. रडायचं नंतर."

मी रडत नव्हतो. पण बोलताना आवाज बदलला असावा. मला नाक खाली धरून ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणजे पाणी निघेपर्यंत सगळा भार एकट्या पुढच्या बोल्टांवर राहणार नाही. क्रेन दुसऱ्या दिवशीशिवाय मिळणार नव्हती. बाईंनी क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली काढली. रस्सीखेचीचा जाड दोर आम्ही विमानाच्या नाकावरून टाकला, घसरू नये म्हणून खाली पोती घातली आणि दोन्ही टोकं शाळेच्या बसच्या पुढच्या हुकाला बांधली. बसचालक आत बसला आणि इंचाइंचानं बस मागं घेऊन दोर ताठ केला. मैदानाची दोन्ही फाटकं बाईंनी स्वतः कुलूप लावून बंद केली.

आता भोकं शोधायची. आणि ती सापडेनात. ठिकाणं मला ढोबळ माहीत होती, पण तीन हात रंगाखाली मिस्त्रींनी इतकं साफ काम केलं होतं की बोटाला काही लागत नव्हतं. अंदाजानं ड्रिल मारलं तर आतल्या सांगाड्याच्या कडीला भोक पडलं असतं. मी मिस्त्रींना फोन लावला. मागं ग्राइंडरचा आवाज होता.

"बोला मेजर!"

"मिस्त्री, पोटाखालची भोकं बुजवलीत का तुम्ही?"

"हाव. नऊ होती. लई बारीक. का?"

"ती बुजवायची नव्हती."

ग्राइंडर बंद झाला. "पाणी साठलं?"

"साठलं."

"पोरं खाली हायेत का?"

"नाही. शाळा सुटली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "तुम्हीच म्हनलात, एक ठेवू नका."

"मीच म्हणालो. तुमची काही चूक नाही."

"तसं न्हाई. ट्रकच्या फाळक्याला बी आमी पाणी जायला भोक ठेवतो की. म्या इचारायला पायजे होतं. मला वाटलं, इमान ढगाच्या वर उडतंय, त्याला पावसाचं काय काम."

त्या अवस्थेतही मला हसू आलं. मी म्हणालो, "मिस्त्री, ती कुठं होती ते आठवतं का?"

"आठवतं म्हंजे? ह्या हातानं भरलीत. मागच्या टोकाला जो पत्र्याचा जोड हाय, तिथनं पुढं या. एक वीत अन् चार बोटं. अगदी मधोमध."

"वीत तुमची का माझी?"

"माझी. तुमची मोठी हाय, तुमी बोटं दोनच घ्या."

मी शिडीवरून हात लांब करून मोजलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवलं आणि हलकेच फिरवलं. रंग निघाला, मग पांढरी लांबी, मग कापडाचा बोळा. बोळा ओढून काढला. आधी काहीच झालं नाही. मग एक थेंब. मग एक तपकिरी धार सरळ माझ्या कोपरावर आली आणि बाहीतून काखेपर्यंत गेली.

"आलं का?" मिस्त्री खिशातल्या फोनमधून ओरडत होते.

"आलं!"

"आता म्होरं चला. दोन वीत."

एकेक करत त्यांनी देगलूरहून मला नऊच्या नऊ भोकं सांगितली. सहाव्याला ते म्हणाले की हे डावीकडं सरकलेलं हाय, आणि ते खरंच दोन बोटं डावीकडं होतं. पोटाखाली नऊ धारा लागल्या. पाण्याला गंज, कबुतराची पिसं आणि जुन्या तेलाची चकाकी होती. मैदानात चिखल झाला. तास, सव्वा तास पाणी वाहत होतं. मी बसजवळ उभं राहून दोराकडं बघत होतो. ताठ तारेसारखा असलेला दोर हळूहळू ढिला पडत गेला. शेवटी त्याला मध्ये झोळ आला. बसचालक खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "सर, माझ्याकडं काहीच वजन राहिलं न्हाई."

मी शिडीवर गेलो. पाळणा आणि पोट यांच्यामध्ये बोट जात नव्हतं. टायरचा तुकडा आत घालायला मला पहार लावावी लागली. मग पुढचे दोन्ही बोल्ट, एक जागेवर ठेवून दुसरा, असे काढून पाहिले. आटे सरळ होते. व्हर्नियरनं लांबी मोजली, वहीतल्या जुन्या मापाशी ताडून पाहिली. ताणले गेले नव्हते. भोकांच्या कडेला चीर नव्हती. तिथंच शिडीच्या पायरीवर मी बसलो. 

बाई छत्री घेऊन खाली उभ्या होत्या. "उद्याचं काय?"

"माझ्या मते विमान ठीक आहे. पण खांबाच्या इंजिनीअरांनी बघेपर्यंत मुलं त्याखाली बसवू नका. पलीकडच्या बाजूला बसवा."

"झेंडा इकडं आणि पोरं तिकडं?"

"झेंडा लांबूनही दिसतो, बाई."

त्यांनी मान डोलावली. "आणि तो कागद मी फाडत नाही. उलट, आज काय झालं तेही त्याच्यामागं लिहून जोडा. पुढं कुणाला तरी उपयोगी पडेल." मी ऑफिसात बसून दीड पान लिहिलं. मिस्त्रींचं नाव कुठंच चुकीच्या बाजूला येऊ दिलं नाही. कुणी काय सांगितलं, कुणी काय बुजवलं आणि भोकं कुणाच्या आठवणीमुळं सापडली, एवढं सरळ लिहिलं.

इंजिनीअर तीन दिवसांनी आले, सगळं तपासून गेले आणि काही बदलायला लागत नाही म्हणाले. पण माझा जीव त्याआधीच, सतराच्या सकाळी भांड्यात पडला होता.

त्या सकाळी साडेसातला मी मैदानाच्या पलीकडं मुलांच्या रांगांमागं उभा होतो. शेजारी मिस्त्री होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पहिल्याच गाडीनं देगलूरहून आले होते. त्यांना फोनवरचं पुरेसं वाटलं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या तशी सर आली. पाच मिनिटं जोरात कोसळली. मुलं हलली नाहीत, कारण बाई हलल्या नाहीत. मग पाऊस ओसरला, आणि विमानाच्या पोटाखालून पाणी ठिबकू लागलं.

सातवीच्या रांगेतून एक आवाज आला. "बाई, इमान मुतायलंय!"

सगळं मैदान हसलं. शिक्षक हसले. बाईंनी डोळे वटारून त्या रांगेकडं पाहिलं, पण माइकवर त्यांना पुढचं वाक्य सुचेना आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मिस्त्री हसत नव्हते. ते बोट दाखवून मोजत होते. "एक, दोन, तीन... मेजर, आठच हायेत."

मीही मोजलं. आठ. सहाव्या ठिकाणी, तेच डावीकडं सरकलेलं, तिथं पाणी येत नव्हतं. कापडाचा धागा आत राहिला असणार. मुलं वर्गात जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग मी शिडी लावली, मिस्त्रींनी खालून ती दोन्ही हातांनी धरली आणि मला तार दिली. तार आत घालून फिरवली तसा काळा धागा निघाला आणि मागोमाग पाणी.

"आता मोजा," मी वरून म्हणालो.

त्यांनी मागं सरकून, डोळ्यांवर हात धरून, शेपटीपासून सुरुवात करून सावकाश मोजलं.

"नऊ," ते म्हणाले. "उतरा आता. चहा घिऊ."